सरांच्या फोनमधले देणगीदार: छोट्या संस्थेत मागायला कुणी शिकायचं?

शिवारफेरी

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल.

मी अकरा वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलंही कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत, जातात आणि शाळा सुटते. ती गावातच राहावीत म्हणून दिवाळीपासून कारखाने बंद होईपर्यंत आम्ही वसतिगृह चालवतो. गेल्या हंगामात ६४ मुलं होती. पगारी माणसं सात, त्यात स्वयंपाकाच्या दोन मावश्या.

संस्था सरांनी उभी केली. नोकरी सांभाळून, नंतर नोकरी सोडून. गेल्या भाद्रपदात सरांना हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली. डॉक्टरांनी बजावलं की तीन महिने फोनसुद्धा हातात घ्यायचा नाही. आमचे पैसे जमवायचे महिने नेमके तेच असतात. धान्य, तेल, गॅस, ब्लँकेटं, सगळं दिवाळीच्या आत लागतं.

तेव्हा लक्षात आलं की आमचे देणगीदार कुठे लिहिलेलेच नाहीत. सरांच्या फोनमध्ये "ठाण्याचे काका", "इंजिनिअर साहेब पुणे", "कोथरूडच्या मावशी" अशी नावं. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती सापडल्या, पण निम्म्यांवर पत्ताच नाही. काकूंनी सरांचा फोन माझ्या हातात दिला. मी पहिला नंबर लावला. पलीकडून प्रश्न आला, "सर कुठे आहेत?" मी सांगितलं. ते गृहस्थ फार हळहळले, दहा मिनिटं प्रकृतीबद्दलच बोललो. आणि पैशाचा विषय न काढताच मी फोन ठेवला. असे नऊ फोन केले. नऊही वेळा तेच झालं. अकरा वर्षांत मी मुलांचे दाखले आणले, मजूर नेणाऱ्या मुकादमांशी भांडले, ऊसतोडीची आगाऊ उचल घेतलेल्या घरांत बसून बायकांना समजावलं. पण कुणाला "आम्हाला पैसे द्या" असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते काम सरांचं होतं.

हंगाम कसाबसा निभावला. गावातल्या दोन किराणा दुकानदारांनी उधारीवर माल दिला म्हणून.

नंतर मी शहरात दोन दिवसांच्या निधीसंकलन प्रशिक्षणाला जाऊन आले. कंपन्यांचे प्रस्ताव, तक्ते, अहवालाचे नमुने असं बरंच होतं. मला उपयोगी पडला तो शेवटचा एक तास. समोरासमोर बसवून एकमेकांकडे देणगी मागायला लावली. माझ्या घशाला कोरड पडली होती, पण आकडा तोंडातून निघाला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मागायला शिकवणारं आणि एकाच्या हातातलं काम चौघांच्या हातात कसं द्यायचं हे शिकवणारं प्रशिक्षण कुठे मिळतं? आणि अशा ठिकाणी संस्थेतून कुणाला पाठवावं? सर आता बरे आहेत, पुन्हा सगळं त्यांच्याच फोनवर सुरू झालं आहे. "मी आहे तोवर मी बघतो," असं ते म्हणतात. माया आहे त्यात, पण मला त्याची भीती वाटते.

ओवी

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. सविस्तर लिहिते रात्री.

हिशेबनीस

मी नाशिकला सनदी लेखापाल आहे, बऱ्याच छोट्या न्यासांचं ऑडिट करतो. प्रशिक्षणाचं इतर जाणकार सांगतील. मी कागदांकडून बोलतो, कारण एकखांबी तंबू मला आधी कागदात दिसतो.

सर्वात आधी तुमचा शेड्यूल वनचा उतारा काढून बघा. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत विश्वस्त म्हणून आज कोण आहेत? मी पाहिलेल्या कितीतरी संस्थांत दोन विश्वस्त वारलेले असतात, एक गाव सोडून गेलेला असतो आणि बदल अर्ज केलेलाच नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली तो ९० दिवसांत करायचा असतो. केला नाही की बँक सह्या बदलून देत नाही, कंपनी अद्ययावत उतारा मागते आणि आलेलं अनुदान दारातून परत जातं. नेतृत्व बदललं ते कागदावर आलं नाही, तर बाहेरच्या जगासाठी ते बदललेलंच नसतं.

दुसरं म्हणजे १२अ आणि ८०जी, संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या नोंदण्या. २०२१ पासून ही नोंदणी कायमची राहिलेली नाही, मुदतीने नवी करावी लागते. मुदत कधी संपते हे संस्थेत किमान दोघांना पाठ हवं. दरवर्षी ३१ मेच्या आत देणगीदारांची यादी १०बीडी फॉर्ममध्ये भरायची, मग प्रत्येकाला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी बसलेले जुनेच वापरतो.) ही यादी भरायची तर नाव, पत्ता, पॅन लागतो. "ठाण्याचे काका" त्यात बसत नाहीत.

यूपीआयचा क्यूआर कोड लावणाऱ्यांनी विशेष जपावं. पैसे येतात, पण देणारा कोण ते कळत नाही. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या निनावी धरल्या जातात, आणि एका मर्यादेपलीकडे त्यांवर ३० टक्के कर बसतो. कोडशेजारी एक वही ठेवा आणि ती भरून घ्यायला एक माणूस बसवा.

आणि रोख देणगी २००० रुपयांपुढे असेल तर देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही, हे पैसे घेतानाच सांगा. नंतर कळलं की माणूस दुखावतो.

साधा_माणूस

मी देणारा आहे, मागणारा नाही. ठाण्यात राहतो, बँकेतून निवृत्त झालो. दरवर्षी गणपतीत लोकसत्तेच्या "सर्वकार्येषु सर्वदा" उपक्रमात ज्या संस्थांची ओळख छापून येते, त्यांतल्या दोन-तीन निवडून धनादेश पाठवतो. पितृपक्षात पुण्याला मुलीकडे असलो तर "देणे समाजाचे" प्रदर्शनाला जाऊन कार्यकर्त्यांशी बोलतो.

शिवारफेरी, मनापासून सांगतो, त्या नऊ जणांपैकी मी असतो तर तुम्ही मागण्याची वाट पाहिली असती. सर आजारी आहेत म्हटल्यावर मीच पैशाचं कसं काय विचारू, असा संकोच आमच्याही बाजूला असतो.

एका संस्थेला मी सहा वर्षं देत होतो, मग थांबलो. त्यांनी काही वाईट केलं नाही. पावती यायची, वेळेवर यायची. पण सहा वर्षांत एकदाही कुणी कळवलं नाही की त्या पैशांचं काय झालं. सातव्या वर्षी माझं बायकोच्या आजारपणात राहून गेलं. कुणी फोन करून विचारलंही नाही. केला असता तर मी त्याच दिवशी दिले असते.

दुसऱ्या एका संस्थेतून दर संक्रांतीला हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड येतं. चार ओळी, कधी शुद्धलेखनाच्या चुका. ते मी फ्रीजला लावतो.

नांगरट

मी चाळीस वर्षं ग्रामीण भागात काम केलं आहे. थोडं कडू वाटेल, पण लिहितो.

ही प्रशिक्षणं मला पटत नाहीत. कार्यकर्त्याला हॉटेलच्या सभागृहात बसवून कंपनीची भाषा शिकवायची, आणि तो परत आला की गावातल्या बाईला "लाभार्थी" म्हणायला लागतो. पैसा मागायला आपल्याकडे कधी प्रशिक्षण लागलं? भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृहं चालली ती मुष्टिफंडावर, घराघरातून मूठ मूठ धान्य. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला तो पैसा फंडातून, अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत महाराष्ट्र पिंजून काढला. धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार गेले, सत्तरी उलटल्यावर महिला विद्यापीठासाठी जगभर फिरले.

तळमळ असली की मागता येतं. तुमच्या मुलांच्या आईबापांकडून मूठभर धान्य मागितलंत का कधी?

कंदील

नांगरट काका, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. मी छोट्या संस्थांसाठी प्रशिक्षणं घेते, म्हणून हा विषय मला लागतो.

तुम्ही कर्व्यांचं नाव घेतलंत. त्याच कर्व्यांनी संस्थांसाठी कार्यकर्ते घडावेत म्हणून निष्काम कर्म मठ काढला. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा सदस्याला आधी पाच वर्षं शिकाऊ उमेदवारी करावी लागे. तळमळ असलेला एक माणूस पुरत नाही, पुढची माणसं घडवावी लागतात, हे त्यांना कळलं होतं. त्या काळात तेच प्रशिक्षण होतं. एकच माणूस सगळीकडे मागत फिरला असता तर आज त्या संस्था दिसल्या नसत्या.

कंपनीच्या भाषेबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. आम्ही पहिल्याच दिवशी एक नियम करतो: जी गोष्ट मुलाच्या आईसमोर बोलता येणार नाही, ती देणगीदारासमोरही बोलायची नाही. फोटोंनाही तेच लागू.

ताई, आता तुमचे प्रश्न.

कुणाला पाठवावं? एकट्या संस्थापकाला नको, आणि एकट्या तरुण कार्यकर्त्यालाही नको. एकटा तरुण शिकून परत येतो आणि कुणी ऐकून घेत नाही. एकटे संस्थापक परत येतात आणि सगळं पुन्हा स्वतःच करतात. जोडीने पाठवा, शक्य असेल तर तिसरा एक विश्वस्तही. ज्या संस्थेतून एकच माणूस आला, तिथे सहा महिन्यांनी काही बदललेलं दिसलं, असं माझ्या अनुभवात फार थोड्या वेळा झालं.

कुठे? तरुणांना आपल्या आयुष्याची दिशा तपासायची असेल तर "सर्च"चा "निर्माण" उपक्रम आहे, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला. वस्तीतून, गावातून वर आलेल्या कार्यकर्त्यांसाठी मुंबईच्या "कोरो"चा नेतृत्वविकास कार्यक्रम आहे, आणि तो इंग्रजी न येणाऱ्यांनाही आपला वाटतो. उत्तनची रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी वर्ग घेते. तुम्हाला जवळ म्हणजे तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी बोलवा. देणगीदारांची वही नीट लावायला दोन विद्यार्थी महिनाभर मिळाले तरी मोठं काम होईल.

पण याआधी घरीच एक गोष्ट करा, तिला फी लागत नाही. एका मुलाचा एका हंगामाचा खरा खर्च काढा. फक्त जेवण आणि वह्या नकोत. मावश्यांचा पगार, तुमचा पगार, भाडं, वीज, ऑडिटची फी, मोटारसायकलचं पेट्रोल, आजारी पडलेल्या मुलाचं औषध, सगळं. बहुतेक संस्था हा आकडा कमी सांगतात, कारण पगार मागायची लाज वाटते. मग देणगीदार जेवणाचे पैसे देतो आणि जेवण रांधणाऱ्या बाईचा पगार चार महिने थकतो. आकडा खरा असला की तो तोंडातून निघायला सोपा जातो. तुमच्या घशाला कोरड पडली त्यातलं अर्धं कारण मला इथे दिसतं.

शिवारफेरी

सगळ्यांचे आभार. कंदील ताई, आम्ही देणगीदारांना एका मुलाचा खर्च सांगतो त्यात माझा पगार धरलेलाच नाही. आजच बघितलं.

नांगरट काका, तुमचा प्रश्न मनाला लागला, चांगल्या अर्थाने. पालकांकडे आम्ही कधी मागितलं नाही. उचल फेडताना ज्यांचं कंबरडं मोडतं त्यांच्याकडे काय मागायचं, असं वाटायचं. यावर बैठकीत बोलणार आहे.

साधा_माणूस काका, तुमचा प्रतिसाद मी सरांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पैलतीर

मी न्यू जर्सीत राहतो, मूळचा अंबाजोगाईचा. ऊसतोडीचं नाव ऐकलं की गाव डोळ्यासमोर येतं. मला मदत करायची आहे, अंबाजोगाईच्या बँकेत माझं रुपयांतलं खातं आहे. त्यातून पाठवले तर चालेल ना?

हिशेबनीस

पैलतीर, तुमचं नागरिकत्व कोणतं यावर सगळं आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असाल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तुम्ही कायद्याने परदेशी स्रोत ठरता. मग खातं अंबाजोगाईचं असो आणि पैसे रुपयांत असोत, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तिला ते घेता येत नाहीत.

शिवारफेरी, हे तुमच्यासाठीही. आपलाच माणूस आहे म्हणून भावनेच्या भरात घेऊ नका, विचारून घ्या. या नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात मुख्य कामांवर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. सात माणसांच्या संस्थेने हा भार घ्यावा का, याचा शांतपणे विचार करा. माझं मत, आत्ता नको.

पैलतीर

माझं नागरिकत्व बदललं आहे. वाईट वाटलं, पण स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. माझा भाऊ लातूरला असतो. तो त्याच्या कमाईतून देईल, त्याला धागा पाठवतो. आणि पैशाखेरीज काही करता येत असेल तर सांगा. मी आकडेवारीचं काम करतो, देणगीदारांच्या नोंदींचा तक्ता बसवून देऊ शकेन.

ओवी

सविस्तर लिहिते म्हटलं होतं, उशीर झाला.

आमची संस्था कोकणात आहे, अपंग मुलांसाठी. ताईंनी सुरू केली. त्या गेल्या तेव्हा मी ३१ वर्षांची होते. त्यांच्या हयातीत मला तीन प्रशिक्षणांना पाठवलं होतं. त्यात मी अर्थसंकल्प शिकले, अहवाल शिकले, लोकांसमोर बोलायला शिकले. पण धनादेशावर सही त्यांचीच होती. पाचशे रुपयांचं सामान आणायचं तरी विचारावं लागे. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. माझ्यावर ओझं पडू नये असं त्यांना वाटायचं. त्या गेल्यावर पहिल्या आठवड्यात मला कळेना की कोणता निर्णय मी घेऊ शकते आणि कोणता नाही. प्रशिक्षण होतं, अधिकार नव्हता.

म्हणून शिवारफेरी, सरांशी बोलताना "माझ्या प्रशिक्षणाची फी भरा" एवढंच मागू नका. सही मागा. खात्यावर दुसरं नाव मागा. वर्षाच्या खर्चातला एक भाग पूर्णपणे तुमच्या निर्णयाने होईल, असं ठरवून घ्या. चूक झाली तर ते अजून सोबत आहेत, सावरून घेतील. मला ती संधी मिळाली नाही.

आणि दहा-वीस मोठ्या देणगीदारांपेक्षा दरमहा तीनशे-पाचशे देणारे दीडशे लोक जोडा. आमचा पगार आता त्यातून होतो. त्यातला एखादा थांबला तरी मला झोप लागते. पूर्वी एक कंपनी थांबली होती तेव्हा दोन शिक्षिकांना घरी बसवावं लागलं. त्यांचे चेहरे आजही आठवतात.

कंदील

ओवी, "प्रशिक्षण होतं, अधिकार नव्हता" हे मी पुढच्या वर्गात सांगेन. परवानगी आहे ना?

ओवी

जरूर सांगा.

नांगरट

ओवीचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या संस्थेत आजही सही माझीच आहे. वय ७१. मागच्या महिन्यात दोन पोरं सोडून गेली, तेव्हा मी त्यांना पगाराचा मोह म्हटलं होतं. त्यांच्याशी पुन्हा बोलायला हवं.

कंदील, निष्काम कर्म मठाचा मुद्दा मान्य. हॉटेलच्या सभागृहाबद्दलचं माझं मत तसंच आहे. प्रशिक्षण गावात घ्या. आमच्याकडे सभागृह आहे, सतरंज्या आहेत, जेवण आम्ही देऊ.

कंदील

येते काका. तारीख कळवा. पंधरा संस्था, प्रत्येकी दोन माणसं, एवढी सोय होईल का?

नांगरट

होईल.

शिवारफेरी

तीन महिन्यांनी परत आले आहे. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना काय झालं ते कळायला हवं.

सर, मी आणि आमची एक २३ वर्षांची कार्यकर्ती, आम्ही तिघं नांगरट काकांच्या गावी कंदील ताईंच्या वर्गाला जाऊन आलो. ही मुलगी याच वसतिगृहात शिकली, तिचे आईवडील अजून कोयत्यावर जातात. समोरासमोर बसून मागायच्या सरावात सरांना तिच्यासमोर देणगीदार म्हणून बसवलं. तिने खरा आकडा सांगितला, पगारांसकट. सरांनी सवयीने विचारलं, "एवढे कशाला?" तिने एकेक बाब सांगितली, कुठेही न अडखळता. मावश्यांच्या पगाराशी आल्यावर तिने सांगितलं की मी तिसरीत तापाने फणफणले होते तेव्हा मावशी रात्रभर उशाशी बसली होती, तिचा पगार यात आहे. सरांचे डोळे भरून आले.

शेड्यूल वन काढला. हिशेबनीस दादांनी लिहिलं होतं तसंच निघालं, एक विश्वस्त चार वर्षांपूर्वी वारलेले. बदल अर्ज दाखल केला आहे. खात्यावर दुसरी सही माझी झाली, तो कागद आला त्या दिवशी मी घरी जाऊन आईला दाखवला.

पालकांची बैठक घेतली. मूठभर धान्याचं काकांनी सुचवलं होतं ते मांडलं. मी घाबरत बोलले, पण एक बाई उठून म्हणाल्या की आम्ही पोरं टाकून जातो असं लोक म्हणतात, आमचंही काही त्यात असू द्या. ४१ घरांनी बाजरी-ज्वारी दिली. फार नाही, जेमतेम पंधरा-वीस दिवस पुरेल. पण देणगीदारांना सांगताना आता पहिलं वाक्य हे असतं.

पैलतीर दादांनी तक्ता बसवून दिला. फोन आणि स्थळप्रती जुळवून २१२ नावं लागली. ३७ अजून सापडायची आहेत. लातूरच्या भावांची पहिली देणगी आली, पावती पाठवली आहे.

गेल्या सोमवारी आम्ही पुन्हा त्या नऊ नंबरांना फोन लावायला बसलो. पहिला फोन त्या मुलीने केला. सर शेजारी होते, हात मांडीवर. पलीकडून तोच प्रश्न आला, "सर कुठे आहेत?" ती म्हणाली, "इथेच आहेत, बरे आहेत. पण आज मी बोलणार आहे." तिने दोन मुलांचा हंगामाचा खर्च मागितला. ते गृहस्थ हो म्हणाले, आणि वर म्हणाले की मागच्या वर्षी तुमचा फोन येऊन गेला, मी वाट बघत होतो.

फोन ठेवल्यावर सरांनी वही पुढे ओढली आणि त्या नंबरासमोर स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतलं: पूर्ण नाव, गाव मूळचं परांडा, मुलगी डॉक्टर, १९९८ पासून ओळख, गुळाची पोळी आवडते. मग म्हणाले, "पुढचा नंबर सांग, याचंही मला माहीत आहे."